से कॅथीड्रल

से कॅथीड्रल : गोव्यातील इतिहासप्रसिद्ध रोमन कॅथलिक महामंदिर. ते पणजीच्या पूर्वेस सु. ९ किमी. वर, जुने गोवे (तिसवाडी तालुका) येथे असून गोवा व दमण महाधर्मप्रांताचे पीठ आहे. पोर्तुगीज ‘से’ या शब्दाचा अर्थ ‘बिशपचे पीठ’ असा होतो.

आफाँसो द अल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी आदिलशाहीकडून गोवा शहर जिंकले. तो दिवस संत कॅथरिनच्या सणाचा असल्याने येथील पहिले चर्च व पुढे हे महामंदिर तिला अर्पण करण्यात आले. गोवा १५३४ मध्ये धर्मप्रांत व १५५७ मध्ये महाधर्मप्रांत झाला. कोचीन व मलाक्का हे धर्मप्रांत त्याच्या अधीन आले. या वाढत्या अधिकारास साजेशी वास्तू उभारण्यास १५६२ मध्ये राजकोषातून प्रारंभ झाला. मुख्य बांधकाम १६१९ मध्ये पूर्ण झाले. १६४० मध्ये वास्तूचे विधिपूर्वक अर्पण झाले.

जांभ्या दगडात बांधलेली व चुन्याचा गिलावा दिलेली ही वास्तू सु. ७६ मी. लांब व ५५ मी. रुंद असून दर्शनी भागाची उंची सु. ३५ मी. आहे. बाह्यरचना टस्कन, तर अंतर्रचना कॉरिंथियन शैलीची आहे. मुख्य वेदीमागील सोनेरी मुलाम्याच्या काष्ठफलकांवर संत कॅथरिनच्या जीवनातील व हौतात्म्याचे प्रसंग कोरले आहेत. दर्शनी भागाच्या दोन मनोऱ्यांपैकी उत्तरेचा १७७६ मध्ये कोसळला व पुन्हा बांधला गेला नाही. उरलेल्या मनोऱ्यात ‘सोनेरी घंटा’ म्हणून प्रसिद्ध असलेली मोठी घंटा आहे.

या वैभवामागे सक्तीचाही इतिहास आहे. १५४० नंतर तिसवाडीतील हिंदू देवालये पाडण्यात आली. १५६० मध्ये स्थापन झालेल्या धर्मसमीक्षण सभेची (इंक्विझिशन) इमारत महामंदिराजवळच होती. ही सभा १८१२ मध्ये कायमची बंद झाली.

साथीच्या रोगांमुळे शहर ओसरत गेले. व्हाइसरॉयचे निवासस्थान १७५९ मध्ये पणजीस गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. धर्मसमीक्षण सभेची इमारत व शहरातील वाडे नामशेष झाले. नगराच्या व साम्राज्याच्या मापाने बांधलेले महामंदिर मात्र टिकले. म्हणून लुप्त नगराच्या विस्ताराची कल्पना देणारा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो.

युनेस्कोने १९८६ मध्ये गोव्यातील चर्चवास्तू व मठ यांचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला. त्यांत या वास्तूचा अंतर्भाव होतो. संत फ्रान्सिस झेव्हियरचे पार्थिव अवशेष साधारणतः दर दहा वर्षांनी बॉम जेझूस बॅसिलिकेतून येथे दर्शनार्थ आणतात. २०२४–२५ मध्ये असा सोहळा झाला.