काचेपलीकडचा विद्यार्थी

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, मी आत्ता एका बंद खोलीत बसून बोलते आहे. समोर मायक्रोफोन आहे, भिंतीवर लाल दिवा आहे. तुम्ही मात्र दिसत नाही. जन्मभर वर्गात शिकवलेल्या माणसाला याची सवय होत नाही. फळ्याकडे तोंड असले तरी मागच्या बाकावरचे लक्ष उडाल्याचे शिक्षकाला न पाहता कळते. मग तो एखादा दाखला बदलतो, प्रश्न विचारतो, नाही तर सरळ खडू ठेवून गोष्ट सांगू लागतो. कॅमेऱ्यासमोर यातले काहीच जमत नाही, कारण कॅमेरा कधी जांभई देत नाही.

2020 साली शाळा बंद झाल्या आणि हजारो शिक्षक मोबाइलसमोर बसले, तेव्हा ही अडचण सर्वांना अगदी नवी वाटली. प्रत्यक्षात आपल्या देशात तिचे वय साठीच्या घरात होते. म्हणून आज थोडे मागे जाऊन पाहू.

दिल्लीत 15 सप्टेंबर 1959 रोजी दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण सुरू झाले आणि दोनच वर्षांनी, 1961 मध्ये, फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने तेथील शाळांसाठी नियमित पाठ दाखवले जाऊ लागले. भर होता भौतिक आणि रसायनशास्त्रावर, कारण अनेक शाळांत प्रयोगशाळा धड नव्हत्या. परीक्षानळीत रंग बदलला की तो पहिल्या बाकाला आणि शेवटच्या बाकाला सारखाच दिसे. कॅमेऱ्याची खरी ताकद इथे दिसली. पण पडद्यावरचा पाठ एकटा पुरत नाही. त्याच्या आधी मुलांची तयारी करून घ्यायला आणि नंतर शंका फेडायला वर्गातला शिक्षक हवाच, हेही तेव्हापासूनच कळत गेले.

खरी परीक्षा झाली ती 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात. विक्रम साराभाईंनी पाहिलेले स्वप्न त्यांच्या निधनानंतर साकार झाले. अमेरिकेचा एटीएस-6 हा उपग्रह वर्षभरासाठी भारताला वापरायला मिळाला आणि ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. त्याचे व्यवस्थापन एकनाथ चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होते, तर अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक होते प्राध्यापक यशपाल. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतली सुमारे 2400 खेडी निवडली गेली. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, तीन मीटर व्यासाच्या अँटेना शाळांवर चढल्या. जिथे वीज नव्हती तिथे संच बॅटरीवर चालले.

सकाळी शाळेच्या वेळेत दीड तास मुलांसाठी असे. हिंदी, कन्नड, उडिया आणि तेलुगू अशा चार भाषांना त्यातून प्रत्येकी साडेबावीस मिनिटे मिळत. एवढ्याशा वेळात पाच ते बारा वयाच्या, एकाच खोलीत बसलेल्या मुलांना काय दाखवायचे? पाठ्यपुस्तक वाचून दाखवण्यात अर्थ नव्हता. मग भोवतालच्या वस्तूंतून विज्ञान, स्वच्छता, खेळ, गोष्टी असा मार्ग धरला गेला. निर्माते शहरातले आणि प्रेक्षक खेड्यातले; मधली दरी बुजवण्यासाठी संशोधक गावांत जाऊन राहिले. कोणता शब्द कळत नाही, कोणते चित्र अनोळखी वाटते, हे त्यांनी टिपले. न दिसणाऱ्या विद्यार्थ्याचा चेहरा असा शोधावा लागतो.

याच प्रयोगात प्राथमिक शिक्षकांसाठीही बारा-बारा दिवसांची शिबिरे झाली. दोन फेऱ्यांत मिळून पन्नास हजारांच्या आसपास शिक्षकांनी विज्ञान कसे शिकवावे याचे धडे घेतले. पडदा होता, पण सोबत छापील साहित्य होते, हाताने करायचे प्रयोग होते आणि मार्गदर्शकही होता.

वर्षअखेर हिशेब मांडला गेला. मुलांच्या भाषेत सुधारणा दिसली, कुतूहल वाढले. पण पटसंख्या काही वाढली नाही आणि गळतीही थांबली नाही. ज्या मुलाला सकाळी गुरे राखायला जायचे आहे, त्याला उपग्रह शाळेत आणू शकत नाही, ही गोष्ट त्या आकड्यांनी स्पष्ट केली.

पुढे इन्सॅट आला. 1984 साल आपल्या दृष्टीने महत्त्वाचे. त्या वर्षी पुण्यात ‘बालचित्रवाणी’ सुरू झाली आणि मराठी मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम बनू लागले. त्याच वर्षी 15 ऑगस्टला विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी देशव्यापी वर्ग सुरू केला. आयोगाच्या अध्यक्षा तेव्हा मुंबईच्या शिक्षणतज्ज्ञ डॉ. माधुरी शाह होत्या. हेतू असा, की लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही उत्तम प्राध्यापक ऐकायला मिळावा. मात्र प्राध्यापक बहुतेक इंग्रजीत बोलत, आणि पुष्कळदा नुसते बोलतच राहत. ज्याच्यासाठी सारा खटाटोप, तो तालुक्याच्या गावचा विद्यार्थी पुन्हा मागच्या बाकावरच राहिला.

यशपालांनी मात्र यातून वेगळी वाट काढली. दूरदर्शनच्या ‘टर्निंग पॉइंट’ या विज्ञान मालिकेत ते प्रेक्षकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देत. म्हणजे पाठ शिक्षकाकडून नव्हे, विद्यार्थ्याकडून सुरू होई. हजारो खेड्यांचा प्रयोग चालवलेला माणूस कोणा एका मुलाच्या प्रश्नावर रमून बोलतो आहे, हे दृश्य पाहणाऱ्यांना आजही आठवत असेल. 2004 मध्ये खास शिक्षणासाठी सोडलेल्या एज्युसॅट उपग्रहाने तर विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारण्याचीच सोय केली.

बालचित्रवाणी मात्र निधीअभावी 2017 मध्ये बंद पडली. तीनच वर्षांनी सगळ्या शाळांना कुलूप लागले आणि कॅमेऱ्यातून शिकवणारी माणसे शोधायची वेळ आली. जमवलेले कसब असे सहज मोडीत निघते, याची हळहळ वाटते.

तरी जुना धडा पुरता विसरला गेला नाही. जुलै 2020 मध्ये सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यात फळ्यापुढे उभा राहून व्याख्यान देणारा शिक्षक नव्हता. मुले घरच्यांसोबत घरात आणि अंगणात काही ना काही करून पाहत होती. पाहणाऱ्या मुलालाही तेच करायचे होते. शेजारी आई असो, आजी असो की मोठा भाऊ, कोणीतरी सोबत असेल हे गृहीत धरलेले होते.

या साऱ्या इतिहासातून मला एकच गोष्ट सांगावीशी वाटते. कॅमेऱ्यासमोर चांगले शिकवणे म्हणजे केवळ चेहरा हसरा ठेवणे किंवा शब्द ठासून बोलणे नव्हे. पलीकडे बसलेल्या मुलाची भाषा, त्याचे घर, त्याची सकाळ आधी ओळखून घ्यावी लागते, आणि पाठ संपल्यावर त्याच्याजवळ कोणी असेल याची तजवीज करावी लागते. आपण उपग्रह, संच, टॅब्लेट यांसाठी पैसा उभा करतो. त्या जवळच्या माणसासाठी मात्र हात आखडतो. पुढचे यंत्र येईल तेव्हा त्याची किंमत जरूर विचारा, पण त्याआधी एवढे विचारा, की मुलाच्या शेजारी कोण बसणार आहे?