पाटी कुणाची, नाव कुणाचं?

साधा पांढरा शर्ट. खिशावर घोडा नाही, मगर नाही. किमतीचं लेबल बघितलं की आपण तो गुपचूप परत हँगरला अडकवतो! असल्या 'न मिरवणाऱ्या' महागड्या कपड्यांचा विषय निघाला की जिल सँडर हे नाव येतंच. मला मात्र कपड्यांपेक्षा त्या नावाचीच गोष्ट जास्त चटका लावते.

बाई मूळच्या जर्मन, शिकल्या टेक्स्टाइल इंजिनीअरिंग, म्हणजे तशा आपल्यातल्याच. पूर्ण नाव हायडेमारी जिलिन सँडर. 1968 साली हॅम्बुर्गमध्ये त्यांनी कंपनी काढली आणि पाटीवर स्वतःचंच नाव लावलं. झालर, लेस, चमचम सगळं डिलीट. उरलं काय, तर उत्तम कापड आणि नेमकं कटिंग. आता गंमत अशी, की नक्षी नसली की चूक झाकायला जागाच राहत नाही. खांद्याची शिवण जराशी सरकली तरी डोळ्यांत खुपते. म्हणून साधा कपडाच महाग पडतो. (साधा दिसणारा कोड लिहायला किती वेळ लागतो, आठवा!)

1989 मध्ये कंपनी फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात आली. 1999 मध्ये प्राडाने तिचा ताबा घेतला. सँडरबाई डिझायनर म्हणून राहिल्या खऱ्या, पण प्राडाचे प्रमुख पात्रित्सिओ बेर्तेल्ली आणि त्यांचं काही जमेना. 2000 च्या जानेवारीत बाई बाहेर पडल्या. पाटी तिथेच राहिली. म्हणजे बघा, जिल सँडर कंपनीत जिल सँडरच नाहीत! 2003 मध्ये परतल्या, 2004 मध्ये पुन्हा गेल्या. 2012 मध्ये तिसऱ्यांदा आल्या, 2013 मध्ये पुन्हा निरोप. दरम्यान मालकही बदलत गेले. 2021 मध्ये कंपनी इटलीच्या ओटीबीकडे गेली.

मला सगळ्यात भिडलं ते 2009 सालचं. त्या वर्षी बाईंनी जपानच्या युनिक्लोसाठी सर्वसामान्यांना परवडतील असे कपडे केले. कंपनी तेव्हा दुसऱ्यांच्या हातात. मग यावर नाव काय? 'प्लस जे'. आख्ख्या नावातलं फक्त एक अक्षर! कपडे मात्र तसेच, साधे आणि नेटके.

कंपनी विकली की नावही जातं, हे कागदावर वाचताना काही वाटत नाही. पण आपलंच नाव आपल्याला वापरता येऊ नये? मित्र स्टार्टअपसाठी नावं शोधतात, आडनावावर येऊन थांबतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगतो. हसतात लेकाचे.

असो. तुम्ही तरी विचार करा.