दूरच्या यंत्राचे दार : इंटरनेटच्या पहिल्या साधनांचा इतिहास



वर्गात एकदा मी मुलांना एक साधा प्रश्न विचारला. प्रकल्पाच्या वहीत त्यांनी पानेच्या पाने माहिती उतरवून आणली होती. अक्षर सुरेख, चित्रेही व्यवस्थित चिकटवलेली. मी विचारले, "ही माहिती कोठून आणलीत?" साऱ्या वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "सर, मोबाईलमधून!" मी पुन्हा विचारले, "आणि मोबाईलमध्ये ती कोठून आली?" वर्ग शांत झाला. मागच्या बाकावरील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, तिथे ती असतेच ना."

आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. आजच्या मुलांना पोहरा दिसतो, आड दिसत नाही. तो आड कोणी खणला, त्यात पाणी कसे साचले आणि दोर कोणी वळला, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. ती फार जुनीही नाही. तुमच्यापैकी अनेक पालकांच्या हयातीतच ती घडली आहे. इतिहासाचा एक शिक्षक या नात्याने ती तुमच्यापुढे थोडक्यात ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एका टेबलावर तीन यंत्रे

१९६० च्या दशकात संगणक म्हणजे एक खोली भरून टाकणारे, अत्यंत महागडे यंत्र असे. ते मोजक्या विद्यापीठांत आणि सरकारी खात्यांतच आढळे. शिवाय प्रत्येक कंपनीच्या यंत्राची भाषा आणि रीत वेगळी. अमेरिकेच्या संरक्षण खात्यात 'आर्पा' नावाची संशोधन संस्था होती. १९६६ साली तेथील अधिकारी रॉबर्ट टेलर यांच्या कचेरीत दूरच्या तीन संगणकांना जोडलेली तीन वेगवेगळी टंकयंत्रे होती. एका संगणकावरून दुसऱ्याकडे वळायचे तर खुर्चीवरून उठून दुसऱ्या यंत्रासमोर जाऊन बसावे लागे. एकाच यंत्रावरून तिन्ही ठिकाणी का जाता येऊ नये, असा प्रश्न टेलर यांना पडला. या साध्या गैरसोयीतूनच 'आर्पानेट' या जाळ्याची कल्पना पुढे आली.

२९ ऑक्टोबर १९६९ च्या रात्री लॉस एंजलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने सुमारे पाचशे किलोमीटर दूर असलेल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेच्या संगणकात प्रवेश करण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी 'लॉगिन' हा शब्द टंकायचा होता. 'एल' पोहोचला, 'ओ' पोहोचला, आणि तिसऱ्या अक्षराला पलीकडचा संगणक बंद पडला! दुरुस्ती होऊन सुमारे तासाभराने संपूर्ण शब्द पोहोचला. जगातील या महान जाळ्यावरून गेलेला पहिला संदेश असा दोन अक्षरांचा होता. पहिल्या प्रयत्नात अपयश आले म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी.

टेलनेट : दोन यंत्रांमधील अदब

दूरच्या संगणकावर जाऊन काम करण्याच्या या साधनाला 'टेलनेट' असे नाव पडले. त्याचा पहिला आराखडा १९६९ सालचाच आहे. पुढे १९८३ साली जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनल्ड्स यांनी त्याचे नियम पक्क्या स्वरूपात लिहून काढले. आपण आपल्या गावी कळ दाबावी, ते अक्षर तारेवरून दूरच्या यंत्राकडे जावे, तेथे काम व्हावे आणि उत्तर आपल्या पडद्यावर उमटावे, असे ते साधन होते.

पण यंत्रांच्या भाषा जर वेगवेगळ्या, तर हे जमावे कसे? बाजारात कोकणी, गुजराती आणि तेलुगू बोलणारी माणसे एकत्र आली की ती जशी मोडक्यातोडक्या हिंदुस्तानीत व्यवहार करतात, तशीच युक्ती येथे योजली गेली. प्रत्यक्षात कोठेही नसलेले एक काल्पनिक यंत्र सर्वांनी मिळून ठरवले. प्रत्येक संगणकाने आपली भाषा त्या सामाईक यंत्राच्या भाषेत बदलून पाठवायची, एवढे केले की पुरे. त्याहून अधिक सोयी हव्या असतील तर दोन्ही बाजूंनी आधी विचारपूस करायची. त्यासाठी चारच शब्द ठरले : मी करीन, मी करणार नाही, तू कर, तू करू नकोस. एकाने विचारावे, दुसऱ्याने होकार किंवा नकार द्यावा, आणि नकार आला तरी संभाषण तुटू नये. माणसांनीही शिकावी अशीच ही अदब नव्हे काय?

टेलनेटमुळे पुढे १९८० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या 'मेलविल' या ग्रंथसूचीसारख्या मोठ्या याद्या घरबसल्या चाळता येऊ लागल्या. मात्र या साधनात एक मोठा दोष होता. आपला सांकेतिक शब्द उघड्या पत्रासारखा तारेवरून जाई. वाटेत कोणीही तो वाचू शके. जाळ्यावरील मंडळी थोडी आणि ओळखीची होती तोवर हे खपून गेले. पुढे चोऱ्या होऊ लागल्या. १९९५ साली फिनलंडमधील तातू युलेनेन यांनी, आपल्या विद्यापीठाच्या जाळ्यावरील अशाच चोरीनंतर, सारे संभाषण कुलूपबंद करणारे 'एसएसएच' हे साधन तयार केले आणि दूरच्या यंत्रात जाण्यासाठी तेच रूढ झाले.

अलाहाबादचा तरुण आणि पाहुण्यांसाठी उघडे दार

दूरच्या यंत्रावर काम करता आले, पण तेथील कागद आपल्याकडे आणायचे कसे? याचे उत्तर देणारा तरुण आपल्या देशातला होता, हे वाचून तुम्हाला अभिमान वाटेल. अलाहाबादचे अभय भूषण हे कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीतील पदवीधर. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत असताना एप्रिल १९७१ मध्ये त्यांनी 'एफटीपी' या फाईल पाठवण्याच्या पद्धतीचा पहिला आराखडा लिहिला.

या पद्धतीत एक सुंदर प्रथा रूढ झाली. अनेक विद्यापीठांनी आपल्या संगणकाचा काही भाग सर्वांसाठी खुला ठेवला. आत येणाऱ्याने नाव म्हणून 'अनामिक' या अर्थाचा इंग्रजी शब्द टंकायचा आणि सांकेतिक शब्दाच्या जागी शिष्टाचार म्हणून आपला ई-मेल पत्ता द्यायचा. मग हवी ती फाईल मोफत न्यावी. आपल्याकडे वाटसरूसाठी रस्त्याच्या कडेला पाण्याची सबील असते ना, त्यातलाच हा प्रकार होता.

फेरिस्त : बगदादपासून मॉन्ट्रिअलपर्यंत

परंतु सबिली वाढल्या तसा नवा प्रश्न उभा राहिला. शेकडो संगणकांवर हजारो फायली, पण कोणती फाईल कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही!

येथे थोडे मागे वळून पाहू. हिजरी ३७७, म्हणजे इसवी सन ९८७-८८ च्या सुमारास बगदादमध्ये इब्न अल्-नदीम या पुस्तकविक्रेत्याने अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची एक प्रचंड सूची सिद्ध केली. तिचे नाव 'अल्-फिहरिस्त'. त्यातील कित्येक ग्रंथ काळाच्या ओघात नष्ट झाले. ते होते एवढे आज आपल्याला कळते, ते या सूचीमुळे. हाच शब्द फारसीतून मराठीत आला आणि आपल्या जुन्या दप्तरांत 'फेरिस्त' म्हणून रुळला. ज्ञानाचा साठा जितका मोठा, तितकी त्याची फेरिस्त मोलाची, हे आपल्या पूर्वजांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

१९९० साली कॅनडातील मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठात अॅलन एम्टेज या तरुणाने नेमके हेच काम यंत्राकडून करून घेतले. एम्टेज हे बार्बाडोस या चिमुकल्या बेटावरून शिकायला आलेले. विद्यापीठातील संगणकांची देखभाल हे त्यांचे काम. इतरांना हवी असलेली आज्ञावली शोधून देता देता ते बेजार होत. तेव्हा त्यांनी अशी व्यवस्था लिहिली की, यंत्राने ठरावीक काळाने खुल्या एफटीपी संगणकांकडे जावे, तेथील फायलींची यादी आणावी आणि ती एकत्र साठवावी. मग नाव शोधले की फाईल कोठे आहे ते कळे. पीटर डॉइच आणि बिल हीलन यांच्या सहकार्याने हे साधन सर्वांना खुले झाले. त्याचे नाव 'आर्ची'. संग्रह या अर्थाच्या 'आर्काइव्ह' शब्दातील 'व्ही' हे अक्षर गाळून ते केलेले आहे. आज आपण जी शोधयंत्रे वापरतो, त्यांचा हा पूर्वज. मात्र आर्चीला फक्त फाईलचे नाव कळे, आत काय लिहिले आहे ते कळत नसे. एम्टेज यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही.

गोफरचा उदय आणि अस्त

१९९१ साली अमेरिकेच्या मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅककाहिल, फरहाद अंकलेसरिया, पॉल लिंडनर आदी मंडळींनी 'गोफर' हे साधन निर्माण केले. गोफर हा जमिनीत बिळे करणारा एक लहानसा प्राणी. मिनेसोटा राज्याला त्याच्याच नावाने ओळखले जाते. शिवाय इंग्रजीत 'जा आणि घेऊन ये' असाही ध्वनी त्या नावातून निघतो.

गोफरची रचना अगदी पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी होती. पडद्यावर यादी येई; त्यातील एक ओळ निवडली की दुसरी यादी किंवा लेख समोर येई. प्रत्येक ओळीच्या आरंभी एक खुणेचा आकडा दडलेला असे. शून्य म्हणजे लेख, एक म्हणजे आणखी यादी, सात म्हणजे शोध, आणि आठ म्हणजे टेलनेटने दुसऱ्या संगणकात प्रवेश. यादीतील ओळ आपल्याच शहरातील यंत्राची आहे की सातासमुद्रापलीकडच्या, याची वाचकाला फिकीर नसे. क्लिष्ट आज्ञा पाठ न करता सामान्य माणूस प्रथमच जाळ्यावर फिरू लागला. १९९२ साली नेवाडा विद्यापीठातून 'व्हेरॉनिका' हे गोफरमधील याद्या शोधणारे साधन आले, त्यामुळे त्याची उपयुक्तता आणखी वाढली.

याच सुमारास युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांचे 'वर्ल्ड वाइड वेब' आकार घेत होते. त्याचा प्रस्ताव मार्च १९८९ मधला. त्यात लेखातील शब्दच दुसऱ्या लेखाचे दार होई. हे वेब कोणत्याही साध्या संगणकावर दिसावे म्हणून केवळ अक्षरांवर चालणारा जो ब्राउझर तयार झाला, तो निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने लिहिला. स्वतःकडे काहीच सोय नसलेला मनुष्य टेलनेटने सर्नच्या यंत्रात शिरून तो वापरू शके. मुलींनो, हे नाव तुम्ही विसरू नका.

१९९३ हे निर्णायक वर्ष ठरले. मिनेसोटा विद्यापीठाने गोफरच्या सर्व्हरची आज्ञावली वापरणाऱ्या काहींकडून, विशेषतः व्यापारी संस्थांकडून, परवाना शुल्क घेण्याचे जाहीर केले. लोक बिचकले. त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांना कायमची विनामूल्य खुली केली. शिवाय मजकुरात चित्रे दाखवणारा 'मोझेक' हा ब्राउझरही त्याच वर्षी आला. चित्रे, सोपे दुवे आणि मोकळे दार या तिन्हींमुळे वेब पुढे गेले. गोफर मागे पडला. आज काही हौशी मंडळी त्याचे दिवे तेवत ठेवून आहेत. विद्यापीठाला दोष देणे सोपे आहे. खर्च त्यांनाही होताच. पण विद्या दिल्याने वाढते आणि अडवल्याने आटते, ही जुनी शिकवण येथे पुन्हा खरी ठरली.

आपल्या मुंबईतील पहाट

आपल्या देशात १९८६ साली 'अर्नेट' या शैक्षणिक जाळ्याचे काम सुरू झाले. मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आय.आय.टी. या त्यातील आरंभीच्या सभासद. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून. मुंबई त्या पहिल्या शहरांपैकी एक. चित्रे दाखवणारी जोडणी महाग होती. त्यामुळे अनेकांनी स्वस्त असे 'शेल' खाते घेतले. टेलिफोनच्या तारेवरून निगमाच्या संगणकात शिरायचे आणि 'लिंक्स' नावाच्या अक्षरी ब्राउझरने वाचायचे. म्हणजे दूरच्या यंत्रात बसून जग पाहण्याची १९६९ ची तीच रीत! काळ्या पडद्यावरील त्या अक्षरांवर कित्येक तरुण घडले.

यातून आपण काय घ्यावे?

पवित्र कुरआनातील पहिला आदेश वाचनाचा आहे, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. आपल्या विद्वानांनी वाचण्याबरोबर आणखी एक शिस्त घालून दिली, ती सनदीची. हदीस सांगणाऱ्याने ती कोणाकडून ऐकली, त्याने कोणाकडून ऐकली, ही साखळी सांगितल्याखेरीज ती स्वीकारली जात नसे. मोबाईलवरील प्रत्येक मजकुराला आपण हाच प्रश्न विचारायला हवा. हे कोणी लिहिले? कोठून घेतले? पालकांनी मुलांच्या हातून यंत्र हिसकावण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून हा प्रश्न विचारण्याची सवय लावावी. आणि घरात एकच मोबाईल असेल, तर तो अभ्यासासाठी मुलीच्या हातीही तितकाच वेळ द्यावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एम्टेज, अभय भूषण, निकोला पेलो यांपैकी कोणीही तेव्हा मोठे साहेब नव्हते. आपल्यासमोरची अडचण त्यांनी सोडवली आणि ते उत्तर सर्वांसाठी ठेवले. आपण मात्र अजून घेणारेच आहोत.

त्या वर्गातील मुलीला मी दुसऱ्या दिवशी सांगितले, "आपल्या मोहल्ल्याचा इतिहास मोबाईलवर शोधून आण." तिने खूप शोधले. काही मिळाले नाही. ती रडवेली होऊन म्हणाली, "सर, तिथे नाहीच." मी म्हणालो, "बेटी, कोणी ठेवलाच नाही, तर असेल कसा?" मग तिने आपल्या दादीला विचारून चार पाने लिहिली. दादीचे नाव वर लिहिले, कोणत्या साली ऐकले तेही लिहिले. सनद पक्की!

जुन्या मशिदीवरील शिलालेख, वडीलधाऱ्यांच्या आठवणी, कारागिरांची हुन्नर, आपल्या बोलीतील शब्द, हे सारे अजून आडाबाहेरच आहे. विद्यार्थी मित्रांनो, आडात पाणी घालणारे तुम्ही व्हा. पुढच्या पिढीच्या पोहऱ्यात ते आपोआप येईल. अल्लाह तुम्हाला ती तौफीक देवो, हीच दुआ.