राजीनामा आणि पगारवाढ

पगार वाढवून मागावा, की सरळ दुसरी नोकरी धरावी? हा प्रश्न हल्ली घरोघरी ऐकू येतो. मुलं जेवताजेवता त्याचा हिशेब मांडतात आणि वडीलधाऱ्यांना तो नव्या जमान्याचा चंचलपणा वाटतो. 'एका जागी टिकून राहा, वाढेल पगार,' असं ते समजावतात. पण हा प्रश्न नव्या जमान्याचा नाही. मुंबईच्या गिरणगावात तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारला जात होता, आणि त्याचं उत्तर शोधताना माणसांनी मोठी किंमत मोजली.

माझा धंदा शब्दांचा, म्हणून आधी शब्दच पाहतो. 'पगार' आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. 'नोकर' हा शब्द मंगोल भाषेतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ अर्थ साथीदार, सोबती. 'राजीनामा' हा शब्द फारसी. राजी असल्याचा लेख, म्हणजे संमतिपत्र. पण राजीखुशीने काम सोडायची मोकळीक कष्टकऱ्याला खरोखर होती का? गिरण्यांचा इतिहास पाहिला, तर ती बराच काळ नव्हती.

१८५६ मध्ये ताडदेवच्या गिरणीत काम सुरू झालं आणि पुढे गिरण्यांचा पसारा वाढत गेला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. त्यांना कामावर घेणारा आणि काढणारा मालक नसे, जॉबर असे. त्याची मर्जी राखावी लागे. पगार महिन्याचा, पण तो महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. पुढच्या महिन्यातले कितीतरी दिवस उलटल्यावर तो हाती पडे. म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची कमाई कायम गिरणीकडे अडकलेली. शेजारच्या गिरणीत चार आणे जास्त मिळतात म्हणून न सांगता निघून गेलात, तर मागची बाकी बुडाली. तोवर वाण्याचं आणि खाणावळीचं देणं डोक्यावर असेच. बेडी न घालता माणूस बांधून ठेवायची ही रीत होती.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हे नेमकं ओळखलं होतं. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी 'दीनबंधू'चे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवलं. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, अपघात झाला तर भरपाई अशा त्यात मागण्या होत्या. आणखी एक मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. तिची आठवण आपण ठेवतो, १५ तारखेच्या मागणीची ठेवत नाही. माझ्या मते ती तितकीच मोलाची होती. ज्याची कमाई मालकाकडे अडकलेली नाही, तोच 'वाढवून द्या, नाहीतर जातो' असं म्हणू शकतो.

असं म्हणायची संधी आली, ती भलत्याच वाटेने. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उघड झाला. लाखो माणसं गावाकडे पळाली. गिरण्यांना माणूस मिळेना. जे मागे राहिले, त्यांनी रोजचा पगार रोज मागितला, आणि तो देण्यावाचून मालकांना गत्यंतर उरलं नाही. रस्त्याच्या नाक्यांवर गिरण्यांचे लोक उभे राहून कामगारांसाठी चढाओढीने बोली लावू लागले. मालकांच्या संघटनेने रोजंदारी द्यायची नाही असं ठरवून पाहिलं, पण यंत्रं बंद पडत असताना ती एकी टिकणं कठीण होतं. कामगार आज इथे, उद्या तिथे जाऊ लागला. मात्र हा बाजार मरणाच्या छायेत भरला होता. खुद्द लोखंडे प्लेगच्या रुग्णांसाठी धावपळ करता करता १८९७ च्या फेब्रुवारीत त्याच रोगाने गेले. साथ ओसरली, माणसं परतली आणि रोजचा पगारही गेला.

नोकरी बदलून पगार वाढतो, पण हात कमी आणि काम जास्त असेल तेव्हाच. उलटी वेळ आली की काय होतं, ते १९२५ मध्ये दिसलं. मुंबईच्या गिरणीमालकांनी मिळून पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. आता नोकरी बदलून जायचं कुठे? या फाटकातून निघून त्या फाटकात गेलं, तरी कपात तीच. अशा वेळी एकट्याच्या राजीनाम्याला किंमत उरत नाही. कामगारांनी एकत्र संप केला. डिसेंबरात सरकारने कापडावरचा साडेतीन टक्के अबकारी कर उठवला, तेव्हा मालकांनी कपात मागे घेतली. १९२८ मध्ये तर सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत बाहेर राहिले.

पण त्या एकीतही एक भेग होती. गिरणीत चांगला पगार विणकाम खात्यात, साच्यांवर. तिथे धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. या सबबीवर अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे शिरकाव नव्हता. ते कमी पगाराच्या खात्यांत राहिले. मदनपुऱ्यातल्या मोमीन विणकराला आणि कोकणातल्या मराठा गड्याला साचा मिळे, पण महाराला मिळत नसे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न धसाला लावला. 'जास्त पगाराचं काम बघ' हा सल्ला ज्याच्यासाठी दारं उघडी आहेत, त्यालाच देता येतो.

१९३६ मध्ये वेतन अदायगीचा कायदा झाला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, नाहीतर १० तारखेपर्यंत पगार द्यायचं बंधन आलं. मालकाने कामावरून काढलं, तर दोन दिवसांत हिशेब चुकता करायचा. लोखंड्यांनी १५ तारीख मागितली होती. बावन्न वर्षांनी कायद्याने त्याहून अलीकडची तारीख दिली.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार पगारवाढीसाठी बाहेर पडले. त्या वेळी मुंबईबाहेर यंत्रमाग होते आणि कापड तिथे स्वस्तात तयार होत होतं. गिरणी चालू राहावी अशी गरज सगळ्याच मालकांना उरली नव्हती. पुष्कळ कामगार गावी गेले, काहींनी भिवंडीत कमी मजुरीवर माग धरले. नोकरी बदलली, पण पगार वाढला नाही. समोरच्याला आपली गरज आहे की नाही, हे पाहण्याआधी केलेली मागणी किती महाग पडते, हे गिरणगावाने तेव्हा सोसलं.

आज संगणकासमोर बसणाऱ्या मुलाकडून तीन-तीन महिन्यांची नोटीस लिहून घेतात, जाताना हिशेब अडकवून ठेवतात. त्याला मी टिकून राहा किंवा निघून जा, यातलं काहीच सांगणार नाही. एवढंच सांगेन की मागायला जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपास. आपली किती कमाई त्यांच्याकडे अडकली आहे? बाहेरची दारं खरोखर उघडी आहेत का? आणि शेजारी बसणाऱ्याला किती पगार मिळतो, हे आपण त्याला कधी विचारलं आहे का? पहिले दोन प्रश्न बहुतेक जण विचारतात. तिसरा संकोचापायी राहून जातो. गिरणीतली माणसं पगाराचा दर चाळीच्या गॅलरीत उघडपणे बोलत असत, आणि त्यांच्या कितीतरी लढ्यांची सुरुवात तिथूनच झाली.