अवयववाचक वाक्प्रचार आणि इंग्रजी-मराठी संपर्क : जव्हार परिसराच्या संदर्भात एक विचार

जव्हार संस्थानाच्या स्थापनेविषयी एक आख्यायिका इंग्रज अमदानीतील संदर्भग्रंथांत नमूद आहे. हा डोंगरी मुलूख प्रथम एका वारली प्रमुखाच्या ताब्यात होता. त्याच्याकडे कोळी पुढारी जयबा याने एका बैलाच्या कातड्याने व्यापेल एवढीच जमीन मागितली. मागणी मान्य होताच कातड्याच्या बारीक पट्ट्या कापून त्यांनी सारा प्रदेश वेढून घेतला. हीच कथा प्राचीन कार्थेज नगराची संस्थापिका डायडो हिच्याविषयी सांगितली जाते, आणि हे साम्य इंग्रज लेखकांनी आवर्जून नोंदविले आहे. कथा स्वतंत्रपणे दोन ठिकाणी उपजली, एका ठिकाणाहून दुसरीकडे गेली, की परिचित साचा पाहणाऱ्याच्या डोळ्यांनी तिला आजचे रूप दिले, याचा निर्णय केवळ साम्यावरून करता येत नाही. इंग्रजी व मराठी या भाषांतील अवयववाचक वाक्प्रचारांची तुलना करू जाता नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

दोन्ही भाषांत हात, डोळा, तोंड, नाक, पाठ यांवर आधारलेले शेकडो वाक्प्रचार आहेत आणि त्यांपैकी पुष्कळांचे अर्थ जुळतात. या साम्याचा उलगडा 'मराठीने इंग्रजीचे अनुकरण केले' असे म्हणून करण्याची प्रवृत्ती आढळते. ती तपासून पाहणे अवश्य आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की, अवयववाचक शब्दांच्या बाबतीत मराठीवर परभाषेचा संस्कार इंग्रजीच्या आधीच झालेला होता. फारसीत 'सर' म्हणजे डोके व 'दस्त' म्हणजे हात. सरदार, सरकार, सरनौबत, दस्तऐवज, दस्तखत हे शब्द त्यांतूनच आले. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर (१६७४) रचल्या गेलेल्या राजव्यवहारकोशाने अशा राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. तथापि यांतील पुष्कळसे शब्द टिकले. 'सरदेशमुखी' या एकाच शब्दात फारसी डोके आणि संस्कृत मुख शेजारी शेजारी नांदत आहेत. मात्र हा संस्कार मुख्यत्वे दफ्तरातील व दरबारातील नामांपुरता होता. 'नाक मुरडणे', 'पोटात घालणे', 'कान फुंकणे' यांसारख्या क्रियायुक्त संप्रदायांच्या घडणीस त्याने फारसा धक्का लावला नाही.

इंग्रजीचा संपर्क वेगळ्या मार्गाने आला. विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण व १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला आणि १८११ मध्ये श्रीरामपूर येथून नव्या कराराचे मराठी भाषांतर निघाले. भाषांतराबरोबर शब्दांपेक्षा शब्दयोजना अधिक येतात. एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करणे हा आज सर्वतोमुखी असलेला संप्रदाय ख्रिस्ती धर्मग्रंथातील आहे. पुढे शालेय शिक्षणातून व वृत्तपत्रांतून 'अकिलीसची टाच', 'उंटाच्या पाठीवरील शेवटची काडी', 'नक्राश्रू' असे प्रयोग रूढ झाले. याच काळात मापांच्या क्षेत्रात निराळी गोष्ट घडली. हात व वीत ही मापे मराठीत होतीच. इंग्रजी मापाच्या नावाचा अर्थ पाऊल असा असूनही त्याचे भाषांतर झाले नाही, 'फूट' हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला गेला. अर्थात संपर्काचा परिणाम सर्वत्र एकाच रीतीने होत नाही.

या इतिहासात १८३१ हे वर्ष एक उपयुक्त सीमारेषा ठरते. त्या वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. जॉर्ज व टॉमस कँडी हे बंधू मोल्सवर्थच्या साहाय्यास होते आणि शब्दसंग्रहाचे काम मराठी शास्त्रीमंडळींनी केले होते. या कोशात हात, तोंड, डोळा, कान, पोट इत्यादी शब्दांखाली त्यांपासून सिद्ध होणाऱ्या संप्रदायांच्या लांबलचक याद्या आहेत. मुंबई विद्यापीठाची स्थापना दुसऱ्या आवृत्तीच्याच वर्षीची. म्हणजे पहिल्या आवृत्तीची सामग्री इंग्रजी शिक्षणाचा प्रसार होण्यापूर्वीची होय. त्यात जो संप्रदाय नोंदला गेला, तो इंग्रजीचे भाषांतर असण्याचा संभव अत्यल्प. पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत (१८७४-८१) मराठीच्या तत्कालीन स्थितीविषयी जी चिंता व्यक्त केली, तिचे क्षेत्र या सीमारेषेच्या अलीकडचे आहे.

तथापि उलट बाजूने हा निकष चालत नाही. कोशात नोंद आहे म्हणून संप्रदाय जुना, हे खरे. परंतु नोंद नाही म्हणून तो इंग्रजीतून आला, असे ठरत नाही. शास्त्रीमंडळींचा परिचय प्रामुख्याने देशावरील व कोकणातील शिष्ट बोलीशी होता. पुढे दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र वाक्‌संप्रदाय कोशाने (१९४२ व १९४७) ही सामग्री पुष्कळच विस्तारली, पण छापील वाङ्मय हा कोणत्याही कोशकाराचा सहज हाती येणारा आधार असतो. ज्या समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिले नाही, त्यांचे बोलणे या आधारातून निसटते.

येथे जामसरसारख्या गावाचे महत्त्व ध्यानात येते. जव्हार तालुक्यातील या परिसरात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी हे समाज राहतात. वारली बोलीची नोंद ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या अंतर्गत झालेली आहे. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून हा तालुका पालघर जिल्ह्यात आहे. ज्या वृद्धांच्या कानांवर शालेय पुस्तकांची मराठी पडली नाही, त्यांच्या तोंडी एखादा अवयववाचक संप्रदाय सहजपणे येत असेल, तर तो छापील भाषांतरातून आला असे म्हणणे कठीण होईल. कोशाच्या मौनाची फेरतपासणी करण्याचे हे एक साधन आहे.

साम्याइतकाच भेदही बोलका असतो. इंग्रज मनुष्य पाठ केलेली गोष्ट हृदयात साठवितो. मराठी माणूस ती तोंडपाठ करतो. माया आणि क्षमा मराठीत पोटात राहतात, इंग्रजीत त्यांचे स्थान हृदय हे आहे. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याचे वर्णन इंग्रजीत 'हातातून तोंडात' अशा आशयाने केले जाते. मराठीत त्याचे 'हातावर पोट' असते. पहिल्या प्रयोगात मिळालेला घास लगेच खाल्ला जातो, उद्यासाठी काही उरत नाही, यावर भर आहे. दुसऱ्यात हात थांबला की पोट थांबते, असा श्रम आणि भूक यांचा संबंध आहे. पावसाळी शेती आटोपल्यावर वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामासाठी जव्हार-मोखाड्यातून भिवंडी, वसई, ठाण्याकडे जाणाऱ्या कुटुंबांच्या बाबतीत हा वाक्प्रचार अलंकार राहत नाही, तो वस्तुस्थितीचे वर्णन होतो. अशा संप्रदायाला इंग्रजी मूळ शोधण्याचे कारण नाही.

येणेप्रमाणे तीन वर्ग संभवतात. ज्यांच्यामागे परकीय कथा किंवा ग्रंथ आहे ते निश्चित भाषांतरित. १८३१ पूर्वी ज्यांची नोंद आहे किंवा ज्यांची घडणच निराळी आहे ते स्वकीय. आणि डोळे उघडणे, उजवा हात असणे यांसारखे, मनुष्यदेह सर्वत्र एकच असल्यामुळे दोन्हीकडे स्वतंत्रपणे उपजण्याजोगे. तिसऱ्या वर्गातील प्रत्येक संप्रदायाचा निर्णय मात्र स्वतंत्र पुराव्यानेच करावा लागेल, आणि त्यापैकी काही पुरावा ग्रंथालयात नसून डोंगरातील वृद्धांच्या स्मरणात आहे. तो लवकर नोंदविला पाहिजे. कातड्याच्या कथेतील वारली प्रमुखाने एका शब्दाचा अर्थ नीट न विचारल्यामुळे मुलूख गमावला. त्याच्या वंशजांचे शब्द न विचारताच त्यांची मालकी ठरविण्याची चूक अभ्यासकांनी करू नये.