थकीत बोलीदार (ई-लिलाव)

थकीत बोलीदार : लिलावात सर्वांत वरची बोली लावून जिंकलेला, पण मुदतीत रक्कम न भरणारा खरेदीदार. बोली चढत असते तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे असतो. भरण्याची तारीख आली की त्याचा फोन लागत नाही. त्याच्या नावावर माल किंवा मालमत्ता अडकून राहते. दुसऱ्या क्रमांकाचा बोलीदार तोवर दुसरीकडे व्यवहार करून मोकळा झालेला असतो, आणि फेरलिलावात भाव घसरण्याची धास्ती विकणाऱ्यालाच सोसावी लागते. लिलाव ऑनलाइन झाल्यापासून लांबचे ग्राहक आले, दलालांची साखळी काही ठिकाणी सैल झाली. पण बोली लावणे एका बोटाचे काम झाल्याने पोकळ बोलीही सोपी झाली. या नोंदीत मुख्यतः सातारा आणि सांगली जिल्ह्यांत चालणाऱ्या लिलावांचा विचार केला आहे.

कायद्याची चौकट : मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडला किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली की सौदा पूर्ण होतो, त्याआधी बोली मागे घेता येते. ई-लिलावात हातोड्याचे काम घड्याळ करते. शेवटच्या काही मिनिटांत नवी बोली आली तर वेळ आपोआप वाढते आणि ती संपली की बोली पक्की होते.

न्यायालयीन विक्रीचे नियम याहून जुने आणि कडक आहेत. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ नुसार खरेदीदाराने २५ टक्के रक्कम तिथल्या तिथे आणि उरलेली १५ दिवसांत भरायची असते. चुकल्यास फेरविक्री होते, भरलेली रक्कम जप्त होऊ शकते, आणि फेरविक्रीत कमी पैसे आले तर ती तूटही पहिल्या खरेदीदाराकडून वसूल करता येते. ही तरतूद सक्तीची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मणिलाल मोहनलाल शहा प्रकरणात ठरवले.

अनामत : थकीत बोलीदाराचा बंदोबस्त बोली संपल्यावर करणे अवघड असते, तो बोली सुरू होण्याआधीच, अनामत रकमेने करावा लागतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरयाणात वाहनक्रमांकाच्या ऑनलाइन लिलावात ‘एचआर ८८ बी ८८८८’ या क्रमांकाची बोली ५० हजारांवरून १ कोटी १७ लाख रुपयांवर गेली. देशभर बातमी झाली. मुदतीत पैसे मात्र आले नाहीत आणि बोलीदाराचे गेले ते फक्त ११ हजार. बोलीच्या हजार रुपयांमागे एक रुपयाही त्याने पणाला लावलेला नव्हता. बोलीदाराची ऐपत तपासण्याचे आदेश सरकारने नंतर दिले.

महाराष्ट्रात पसंतीच्या क्रमांकासाठी वेगळी रीत रुळली आहे. साताऱ्याच्या एमएच ११ किंवा सांगलीच्या एमएच १० मालिकेतील एकाच क्रमांकासाठी एकाहून अधिक अर्ज आले, तर अर्जदारांनी वाढीव रकमेचा धनाकर्ष बंद पाकिटात घालून द्यायचा असतो. पाकिटे उघडतात, सर्वांत मोठ्या रकमेला क्रमांक मिळतो, बाकीच्यांचे धनाकर्ष परत जातात. इथे बोली म्हणजेच पैसे, त्यामुळे बुडवायला काही उरत नाही. ऑनलाइन पद्धतीपुढे हे पाकीट जुनाट वाटेल, पण विकणाऱ्याच्या दृष्टीने ते हरयाणातल्या संकेतस्थळापेक्षा सुरक्षित आहे.

बँकांचे ई-लिलाव : गहाण मालमत्तांचे लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. राखीव किमतीच्या साधारण १० टक्के अनामत आधी भरल्याशिवाय बोली लावता येत नाही. जिंकल्यावर त्याच दिवशी, किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, अनामत धरून २५ टक्के रक्कम पुरी करावी लागते. उरलेले ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत भरायचे असतात. लेखी संमतीने ही मुदत वाढते, पण तीन महिन्यांपलीकडे नाही. या कायद्याखालील नियम ९(५) थोडक्यात सांगायचा तर : पैसे चुकले की भरलेली रक्कम जप्त, मालमत्तेची फेरविक्री, आणि पहिल्या खरेदीदाराचा सर्व हक्क समाप्त.

या नियमाची परीक्षा सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध शण्मुगवेलू या तमिळनाडूतील खटल्यात झाली. खरेदीदाराने १२ कोटी २७ लाखांची बोली जिंकून ३ कोटी ६ लाखांहून अधिक रक्कम भरली आणि पुढची भरू शकला नाही. बँकेने ती जप्त केली. फेरलिलावात मालमत्ता १४ कोटी ७६ लाखांना गेली, म्हणजे बँकेला तोटा झालाच नाही. मग एवढी रक्कम ठेवून घेणे न्याय्य कसे, असा प्रश्न उभा राहिला. मद्रास उच्च न्यायालयाने खरेदीदाराला बराच दिलासा दिला. सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०२४ रोजी तो निकाल फिरवला : ही जप्ती कायद्यानेच सांगितलेली आहे, तिला कराराच्या कायद्यातील नुकसानभरपाईचे मोजमाप लागू होत नाही. जप्तीची भीती काढली तर संगनमताने बोली फुगवून लिलाव उधळणाऱ्यांचे फावेल, हा त्यामागचा विचार.

याची दुसरी बाजूही आहे. कोविडकाळात अडकलेल्या एका खरेदीदाराची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये परत करायला लावली होती. बँकेने मालमत्तेवरील बोजा लपवला असेल तर दोष कोणाचा, हा वाद प्रकरणागणिक वेगळा सुटतो.

पाचगणी : महाबळेश्वर–पाचगणी परिसर १७ जानेवारी २००१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. इथल्या जमिनीची बोली लावताना बाहेरच्या ग्राहकाच्या डोळ्यांसमोर टेबललँड आणि कृष्णेचे खोरे असते. बांधकामावरचे निर्बंध त्याला अनेकदा नंतर कळतात. शेतजमिनीला आणखी एक अट लागते. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीवाचून ती घेता येत नाही. बँकेची नोटीस मात्र ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर असते. शोध घेण्याची जबाबदारी बोलीदाराची, त्यामुळे अशा कारणाने मागे फिरणाऱ्याची २५ टक्के रक्कम धोक्यात येते. सातबारा, फेरफार, विकास आराखड्यातील विभाग आणि वृक्षतोडीचे नियम हे सारे बोलीपूर्वी पाहण्याचे कागद आहेत.

बेदाणा सौदे : सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज आणि जत या दुष्काळी पट्ट्यातील द्राक्षबागांचा बेदाणा तासगाव आणि सांगलीच्या बाजारात विकला जातो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळ्यात शेडमध्ये वाळलेला माल शीतगृहात जातो आणि वर्षभर थोडाथोडा सौद्याला येतो. अडत्याच्या दुकानात नमुने मांडतात, व्यापारी किलोचा भाव बोलतात, शेतकरी पटला तर होकार देतो.

या सौद्यात बोलीदाराकडून प्रत्येक लॉटमागे अनामत घेतली जात नाही. व्यवहार परवान्यावर, बाजारातल्या पतीवर आणि अडत्याच्या वहीवर चालतो. व्यापारी अडत्याला देणार, अडत्या शेतकऱ्याला. व्यापाऱ्याने थकवले तर अडत्या पदरचे पैसे घालतो किंवा शेतकऱ्याला थांबायला सांगतो, आणि बहुतेक वेळा थांबतो तो शेतकरीच. औषधदुकानाची उधारी, सोसायटीचे पीककर्ज आणि ऑक्टोबर छाटणीचा खर्च त्याच्यासाठी थांबत नाहीत.

यावर बाजाराने स्वतःचा उपाय काढला. दिवाळीच्या सुमारास सौदे काही आठवडे बंद ठेवून सर्व येणी चुकती करायची, वह्या शून्यावर आणायच्या. याला ‘शून्य पेमेंट’ किंवा ‘झिरो पेमेंट’ म्हणतात. ज्याची बाकी निघते त्याला सौदे पुन्हा सुरू झाल्यावर बोलीत उभे राहू द्यायचे नाही, हे त्याचे हत्यार. अनामत नसलेल्या लिलावात दुसऱ्या दिवशी बाजारात यायला मिळणे हीच खरी अनामत ठरते. उपाय किती काटेकोर पाळला जातो, याबद्दल शेतकरी संघटना आणि व्यापारी यांची मते जुळत नाहीत. शिवाय वर्षातून एकदा शून्यावर येणारी वही म्हणजे मधले महिने शेतकऱ्याने बिनव्याजी उसने दिल्यासारखे आहेत, आणि हा अन्याय सौदा ऑनलाइन केल्याने आपोआप मिटत नाही.

बाजार समितीच्या हाती महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन (विकास व विनियमन) अधिनियम, १९६३ मधील कलम ८ आहे. त्याखाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. नोटिशीनंतर १५ दिवसांत पैसे न आल्यास फिर्याद करता येते. बागेतून थेट माल उचलणाऱ्या परगावच्या द्राक्ष व्यापाऱ्यापुढे हे उपाय तोकडे पडतात, कारण त्याच्याजवळ अनेकदा परवाना नसतो आणि शेतकऱ्याजवळ कागद नसतो.

हळद : रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जुनी पद्धत नियंत्रित बाजारात मोडीत निघाली, उघड बोलीला साक्षीदार मिळाले, म्हणजे लावलेली बोली नंतर नाकारणे अवघड झाले.

ई-नाम : १४ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कृषी बाजारात आवक नोंद, प्रतवारी, ऑनलाइन बोली, वजन, विक्रीपत्र, भरणा आणि मग माल बाहेर नेण्याचा पास असा क्रम आहे. पास भरण्यानंतर येतो, हा शेतकऱ्याचा खरा बचाव. जिथे बोली पडद्यावर आणि पैशांचा हिशेब जुन्याच वहीत चालतो, तिथे हा बचाव उरत नाही.

अन्यत्र : मुंबईत पाकमोडिया स्ट्रीटवरील दाऊद इब्राहिमच्या जप्त हॉटेलसाठी डिसेंबर २०१५ मध्ये एका माजी पत्रकाराने ४ कोटी २८ लाखांची बोली जिंकली; लोकवर्गणी पुरेशी जमली नाही आणि अनामत गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तीच वास्तू सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने ४ कोटी ५३ लाखांना घेतली. पॅरिसमध्ये फेब्रुवारी २००९ च्या क्रिस्टीज लिलावात चीनमधून लुटून नेलेली दोन कांस्यशिरे त्साय मिंगछाव यांनी ३ कोटी १० लाखांहून अधिक युरोंना जिंकली आणि निषेध म्हणून पैसे देण्यास नकार दिला.

व्यक्ती-व्यक्तींमधील ऑनलाइन लिलाव भारतात बाझी डॉट कॉमने रुजवले. ते २००४ मध्ये ईबेने घेतले. ईबेचे भारतीय संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले. ईबेवर चार दिवसांत पैसे न आल्यास विक्रेता व्यवहार रद्द करून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला संधी देऊ शकतो. ग्राहकाला प्रतिकूल शेरा देण्याची विक्रेत्यांची मुभा मात्र २००८ मध्ये काढून घेण्यात आली.

दुसरा बोलीदार : बँकांच्या लिलावात दुसऱ्या क्रमांकाला मालमत्ता आपोआप जात नाही, नव्याने विक्री करावी लागते. तशी मुभा असती तर एकाने बोली फुगवून इतरांना पळवायचे, मग भरणा चुकवायचा आणि खालच्या भावात आपल्याच माणसाच्या पदरात माल पाडायचा, ही वाट मोकळी झाली असती.

नाणी, तिकिटे व पुराणवस्तू : खासगी लिलावगृहांचे नियम आपापले, बहुधा पूर्ण रक्कम मिळाल्यावरच वस्तू पाठवतात.