लँडकेअर चळवळ

ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांची स्वेच्छेने चालणारी भूसंवर्धन चळवळ. तिचा पहिला गट १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सेंट आर्नोडजवळच्या विनजलॉक येथे स्थापन झाला. राज्यातील तत्कालीन मंत्री जोन कर्नर आणि शेतकरी महासंघाच्या अध्यक्षा हेदर मिचेल यांनी तिचा पाया घातला.

चळवळीमागील एक मोठे कारण म्हणजे जमिनीचे खारावणे. गहू व मेंढपाळीसाठी खोल मुळांची देशी झाडे तोडली गेली. त्यामुळे पावसाचे पाणी जास्त मुरू लागले, भूजल वर चढले आणि खोलवर साठलेले क्षार पृष्ठभागावर आले. सखल वावरात पांढरे चट्टे पडून पीक जळू लागले. झाडे तोडली जात चढावर, मीठ फुटे उतारावरच्या शेजाऱ्याच्या रानात. म्हणून एकट्याने उपाय करणे व्यर्थ होते. एका पाणलोटातील शेजाऱ्यांनी एकत्र येणे, हे या चळवळीचे खरे बळ. गट झाडे लावतात, ओढ्याकाठी कुंपण घालून गुरे रोखतात, सशांचा उपद्रव आवरतात.

१९८९ मध्ये शेतकरी नेते रिक फार्ली व पर्यावरणवादी फिलिप टॉइन यांनी देशव्यापी भूसंवर्धनाचा संयुक्त प्रस्ताव मांडला. एरवी परस्परविरोधी असलेल्या दोन गोटांची ही एकजूट विलक्षणच होती. त्याला प्रतिसाद म्हणून पंतप्रधान बॉब हॉक यांनी ‘लँडकेअर दशक’ जाहीर केले. तरीही निधी आटला, समन्वयक गेला, की गट मंदावतात. निव्वळ उत्साहावर हे काम टिकत नाही.

१९९० च्या दशकात फिलिपीन्समधील क्लावेरिया येथील शेतकऱ्यांनी ही पद्धत उचलली. तेथे उतारावर समपातळीत गवताचे पट्टे राखून माती अडवली जाते.